काचेवरचा अंगठा, हातातली कळ : ई-स्पोर्ट्स धोरणातून निसटलेला प्रश्न

हथखोज (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या हथखोजच्या जड औद्योगिक वसाहतीत दिवसभराचे काम हाताच्या अंदाजावर चालते. शेडमधली क्रेन चालवणाऱ्या कामगाराची नजर हवेत लोंबकळणाऱ्या वजनावर असते आणि अंगठा हातातल्या बटणांवर. कोणते बटण कुठे आहे, हे पाहण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागत नाही. यंत्र तातडीने थांबवण्याची कळ आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाची असते, आणि हातमोजा घातलेल्या तळव्यालाही ती चटकन सापडते. पाळी संपली की याच हातांत मोबाईल येतो. कामगार असो वा त्याचा शाळकरी मुलगा, त्या मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत चालणे, वळणे, नेम धरणे, गोळी झाडणे ही सारी कामे एका सपाट काचेवर रंगवलेल्या वर्तुळांकडून करून घ्यायची असतात.

व्हिडिओ गेम टचस्क्रीनवर खेळावेत की हातात धरायच्या कंट्रोलरवर, हा जगभरच्या खेळाडूंमध्ये हौसेने घातला जाणारा वाद आहे. भारतात मात्र त्याचे स्वरूप आता हौसेपुरते राहिलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. असे खेळ पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चर्चा झाली ती प्रामुख्याने या बंदीची. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला क्रीडा म्हणून कायदेशीर ओळख दिली, ही बाब तुलनेने मागे पडली.

तसा हा प्रवास आधीच सुरू झाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांच्या चौकटीत आणले आणि विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २०२५च्या कायद्याने व्याख्याही दिली. ई-स्पोर्ट म्हणजे असा संघटित खेळ, ज्याचा निकाल केवळ खेळाडूचे शारीरिक कौशल्य, मानसिक चपळता, व्यूहात्मक विचार वा तत्सम गुणांवर ठरतो. त्यातील पहिला शब्द महत्त्वाचा आहे. शारीरिक कौशल्य म्हणजे इथे मुख्यतः बोटांचे आणि मनगटाचे कौशल्य, आणि ते बोटांखाली काय आहे यावर अवलंबून असते. बॅडमिंटनमध्ये रॅकेटचे आणि हॉकीत स्टिकचे माप ठरलेले असते. ई-स्पोर्ट्समध्ये मात्र खेळाडूच्या हातात कोणते साधन असावे, याविषयी या व्याख्येत काहीही नाही.

साधनाने एवढा फरक का पडावा, हे समजण्यासाठी दोन्हींची कार्यपद्धती पाहावी लागते. मोबाईलच्या काचेखाली विद्युत क्षेत्राचे अदृश्य जाळे असते. बोट टेकले की त्या जागेवरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि स्पर्श कुठे झाला, हे फोनला कळते. फोनला बोट कळते, पण बोटाला बटण कळत नाही, ही यातली मूळ अडचण. काचेवरच्या बटणाला कड नाही, उंचवटा नाही, दाबल्याची जाणीव नाही. सामना रंगला की अंगठा हळूहळू आपल्या जागेवरून सरकतो आणि ते खेळाडूच्या लक्षात येते ते डाव हुकल्यावरच. शिवाय ज्या काचेवर खेळ दिसतो, तिच्यावरच अंगठे ठेवायचे असल्याने दृश्याचा काही भाग सतत झाकलेला राहतो.

कंट्रोलरची रचना याच अडचणींच्या उलट बाजूने उभी राहिली. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे अभियंते गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये डाँकी काँगच्या हातातल्या खेळयंत्रात अधिकचिन्हाच्या आकाराची दिशाकळ आणली. अंगठा न उचलता चारही दिशा चाचपता येणे, हे तिचे वैशिष्ट्य. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ सोबत आलेल्या छोट्या दांडीने त्यात मात्रेची भर घातली. दांडी थोडी कलली तर पात्र चालते, पूर्ण कलली तर धावते. अंगठा सोडला की दांडी आपोआप मध्यावर येते, त्यामुळे शून्य कुठे आहे हे हाताला नेहमी ठाऊक असते. आजचे बहुतेक कंट्रोलर याच दोन कल्पनांवर उभे आहेत.

कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये एकच खेळ आयफोनच्या टचस्क्रीनवर आणि कळा असलेल्या निन्टेंडो डीएसवर खेळवून तुलना केली. टचस्क्रीनवर खेळाडूंचे पात्र अधिक वेळा मेले आणि टप्पा पूर्ण करायला त्यांना अधिक वेळ लागला. त्यानंतर फोन कितीतरी वेगवान झाले, स्पर्श टिपण्याचा वेग वाढला, पण काचेला कड काही फुटली नाही.

खेळाबाहेरचा अनुभवही हेच सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी युद्धनौका जॉन एस. मॅक्केन एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू आणि वेगाचे नियंत्रण टचस्क्रीनवरून एका आसनाकडून दुसऱ्याकडे देताना गोंधळ झाला होता. अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबरच नियंत्रणाच्या या रचनेवरही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९च्या अहवालात बोट ठेवले, आणि नौदलाने वेग नियंत्रणासाठी पुन्हा हाताने सरकवायचे दांडे बसवण्याचे ठरवले. युरोपात मोटारींना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि तातडीच्या मदतीची हाक या पाच कामांसाठी प्रत्यक्ष कळा असण्याला गुण ठेवले आहेत. क्षणाचा उशीर महाग पडतो तिथे कळ परत येत आहे. जड उद्योगातून तर ती कधी गेलीच नव्हती.

याचा अर्थ काचेवर खेळणारे कमी प्रतीचे खेळाडू, असा मात्र होत नाही. अडचणीतून त्यांनी स्वतःचे तंत्र घडवले आहे. दोन अंगठ्यांऐवजी तर्जन्याही वाकवून चार बोटांनी खेळणे हे गंभीर मोबाईल खेळाडूंमध्ये आता सर्रास दिसते. फोन हातात किंचित तिरपा करून, त्यातील जायरोस्कोपच्या मदतीने नेम धरण्याची युक्ती तर इतकी सूक्ष्म आहे, की त्या वेळी फोन स्वतःच कंट्रोलर होतो. बुद्धिबळ, पत्त्यांचे डाव किंवा कोडी यांसारख्या खेळांत थेट वस्तूवर बोट ठेवता येणे ही काचेची सरळ सरशीच आहे. प्रश्न उरतो तो वेगवान खेळांचा, आणि स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्समध्ये भरणा त्यांचाच आहे. त्यात हवामानाची भर. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घामाने ओल्या झालेल्या बोटाचा स्पर्श काच चुकीचा वाचते, आणि तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बोटांवर चढवायच्या पातळ टोप्या बाजारात विकल्या जातात त्या यामुळेच.

भारतीय खेळाडूने काच निवडली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. सोनीचा प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सुट्या कंट्रोलरची ५,९९० रुपये. त्याच वर्षी दिवाळीत आलेला जिओफोन नेक्स्ट हा अख्खा स्मार्टफोन ६,४९९ रुपयांना होता. म्हणजे हातात धरायची नुसती कळपेटी आणि बोलणे, शिकणे, पैसे देणे-घेणे व खेळणे ही सगळी कामे करणारे यंत्र, यांच्या किमतीत ५०० रुपयांचा फरक. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०१८ मध्ये गेम कन्सोलवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला होता, पण एवढ्या अंतरापुढे ती सवलत अपुरीच. शिवाय कन्सोलला दूरचित्रवाणी संच लागतो आणि तो घरात सर्वांचा असतो. मालिका आणि बातम्यांच्या वेळेत मुलाला तो मिळत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा औद्योगिक वसाहतींमधला, कामगार वस्त्यांमधला, खेड्यांमधला तरुण ज्या पडद्याने खेळाकडे आला तो पाच-सहा इंचांचा होता.

या पडद्यावरच्या खेळांचे पुढे काय झाले, ते सर्वांना आठवते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती, बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया अर्थात बीजीएमआय, सुरू झाली. वर्षभरात नोंदणी केलेल्यांची संख्या १० कोटींवर गेल्याचे क्राफ्टन कंपनीने सांगितले, आणि त्याच महिन्यात, २८ जुलै २०२२ रोजी, तीही बंद झाली. मे २०२३ मध्ये ती परतली. मधल्या काळात, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, साध्या स्वस्त फोनवरही चालणारा फ्री फायर बंद झाला होता. या निर्णयांमागे डेटाच्या सुरक्षेची आणि सार्वभौमत्वाची कारणे होती. त्यांची योग्यायोग्यता हा वेगळा विषय. पण खेळाडूच्या हाताच्या दृष्टीने त्यांचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो.

कंट्रोलरवर कमावलेले कौशल्य बऱ्याच अंशी खेळाडूबरोबर जाते. उजव्या अंगठ्याखालच्या चार कळा आणि बोटांखालचे ट्रिगर फुटबॉलच्या खेळातही तेच असतात आणि शर्यतीच्या खेळातही तेच. एक खेळ बंद झाला तरी हात तयार असतो. काचेवर प्रत्येक खेळ आपली बटणे आपल्या पद्धतीने मांडतो. खेळाडूही ती सरकवून, लहान-मोठी करून स्वतःची रचना बनवतो आणि महिनोन्‌महिने त्या रचनेवर हात बसवतो. अॅप गेले की ती रचना जाते. लागोपाठच्या बंदींनी मोठ्या शहरांतल्या, संगणक आणि कन्सोल दोन्ही परवडणाऱ्या खेळाडूचे थोडेच बिघडले. ज्याच्याकडे एकच फोन आणि त्यावर एकच खेळ होता, त्याची दोन-दोन वर्षांची मेहनत पुसली गेली.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ही दरी उघडी पडते. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि गुजरातच्या तीर्थ मेहता याने हार्थस्टोन या पत्त्यांच्या खेळात कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकाचा दर्जा मिळाला. भारतीय खेळाडू तिथे फिफा ऑनलाइन ४, स्ट्रीट फायटर ५ आणि लीग ऑफ लेजंड्स यांसारख्या प्रकारांत उतरले. हे खेळ कळफलक, माऊस, गेमपॅड वा जॉयस्टिकचे. ज्या देशात कोट्यवधी लोक काचेवर खेळतात, त्या देशाचे पथक पदकांसाठी कळांच्या खेळात उतरले. त्यातून पदक हाती लागले नाही, यात आश्चर्य ते काय?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२६ मधील आइची-नागोया आशियाई स्पर्धेसाठी जाहीर झालेल्या यादीत ई-स्पोर्ट्सचे ११ प्रकार आहेत. त्यात पबजी मोबाईलची खास आवृत्ती आहे, ऑनर ऑफ किंग्ज आणि मोबाईल लेजंड्स हे मोबाईलवरचे खेळ आहेत. दुसऱ्या बाजूला ग्रॅन टुरिस्मो ७ आहे, ज्याचा खरा कस सुकाणूचक्र आणि पेडलवर लागतो. स्ट्रीट फायटर, टेकेन आणि किंग ऑफ फायटर्स यांचा एकत्रित प्रकार आहे, तो कळांचाच. वरवर पाहता यादी समतोल वाटते आणि भारतीय मोबाईल खेळाडूला वाव दिसतो. मात्र मोबाईल लेजंड्स हा जून २०२० मध्ये भारतात बंदी आलेल्या ५९ अॅपपैकी एक आहे. म्हणजे काचेवरच्या काही पदकांची वाट बंदीने अडवलेली आणि कळांच्या पदकांची वाट किमतीने. अशा स्थितीत निवड चाचणीला येणारे खेळाडू कोणत्या घरांतून येतील, हे सांगायला भाकिताची गरज नाही.

देशांतर्गत स्पर्धांचे चित्र याहून वेगळे नाही. मे २०२५ मध्ये बिहारमध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा प्रात्यक्षिक म्हणून समावेश होता. त्यात बीजीएमआयही होता आणि स्ट्रीट फायटर ६ देखील. एकाच छत्राखाली दोन निराळी साधने आली, हे स्वागतार्हच. पण पहिल्याची तयारी कोणत्याही गल्लीत होऊ शकते. दुसऱ्यासाठी संगणक वा कन्सोल आणि चांगला पॅड लागतो. ज्या राज्यांत क्रीडा संकुलांमध्ये तशी सोय नाही, तिथले स्पर्धक घरच्या ऐपतीवरच तयार होणार.

काचेवर तरी सर्व सारखे असतात का, हाही प्रश्न आहे. खेळ बनवणाऱ्यांनी साधनांची सरमिसळ टाळण्याचे प्रयत्न केले आहेत. पबजी मोबाईलने संगणकावर एम्युलेटर वापरून खेळणाऱ्यांना वेगळे काढून त्यांची गाठ तशाच खेळाडूंशी घातली. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलने २०१९ मध्ये कंट्रोलरला मान्यता दिली, ती कंट्रोलरवाल्यांना कंट्रोलरवाल्यांसमोर उभे करण्याच्या अटीवर. माऊस, पॅड आणि काच यांत समान लढत होत नाही, याची ही उद्योगानेच दिलेली कबुली म्हणता येईल. पण काचेकाचेत फरक आहेच. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा साधा फोन आणि १२० चित्रे दाखवणारा, स्पर्श कितीतरी वेगाने टिपणारा महागडा फोन यांच्यात लढत लागली की पैसा पुन्हा मैदानात उतरतो. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांत आयोजक सामान्यतः सर्वांना एकाच प्रकारचे फोन देतात. तिथवर पोहोचण्याच्या ऑनलाइन फेऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर होतात, आणि गळती तिथेच होते.

खेळ बनवणाऱ्यांनाही या कोंडीतून मार्ग काढावा लागतो. त्याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच, पुण्यात आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या खेळाने जगाचे लक्ष वेधले. तो ऑगस्ट २०२० मध्ये आला तो निन्टेंडो स्विचवर, नंतर इतर कन्सोल आणि संगणकावर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. पुण्यात बनलेला हा खेळ भारतातल्या बहुसंख्य खेळाडूंच्या हाती लागणाऱ्या यंत्रावर सुरुवातीला नव्हताच. मोबाईलवर तो पुढे नेटफ्लिक्सच्या मार्फत आला. याउलट सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस बॅटल रॉयल’ थेट अँड्रॉइड आणि आयफोनवर आणला. एकाने जगाची कळ धरली, दुसऱ्याने देशाची काच. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते.

तांत्रिक अडसर आता फारसा उरलेला नाही, ही यातली आशेची बाजू. अँड्रॉइड प्रणालीत गेमपॅडची सोय २०११ पासून आहे. आयफोनने सप्टेंबर २०१९ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे कंट्रोलर स्वीकारले. ब्लूटूथवर चालणारे साधे पॅड एक-दोन हजार रुपयांत मिळू लागले आहेत. म्हणजे दूरचित्रवाणी आणि कन्सोलचा खर्च टाळून फोनलाच पडदा बनवता येतो आणि हाताला कळा देता येतात. अडते ते खेळांच्या नियमांपाशी. बीजीएमआयसारखा लोकप्रिय खेळ कंट्रोलरला थारा देत नाही, आणि स्पर्धांतही बाहेरून जोडलेली साधने चालत नाहीत. काचेवर खेळणाऱ्या लाखोंवर अन्याय होऊ नये, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी दार बंदच ठेवण्याऐवजी साधनानुसार वेगळे गट करता येतात, हे इतर खेळांनी दाखवले आहे.

२०२५च्या कायद्यात ऑनलाइन खेळांचे वर्गीकरण आणि नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट म्हणून नोंदणी मागणाऱ्या खेळाने कोणत्या साधनांना मान्यता आहे, सरमिसळ असल्यास गट कसे पाडले आहेत आणि ऑनलाइन फेऱ्यांसाठी फोनची किमान पात्रता कोणती, हे जाहीर करावे, एवढी अट प्राधिकरणाला नोंदणीच्या अर्जातच घालता येईल. त्यासाठी कायद्यात दुरुस्तीची गरज नाही. दुसरे काम राज्यांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे आहे. भिलाईसारख्या पोलादनगरीत मैदाने आणि क्लब उभारले गेले ते कामगारांच्या मुलांना महागडी साधने स्वतः घ्यावी लागू नयेत म्हणून. एका प्लेस्टेशनच्या किमतीत साधे २०-२५ पॅड येतात आणि ते कपाटात ठेवून पाळीपाळीने वापरता येतात. हथखोजच्या मुलाला फोन त्याच्या घरचा मिळतो, पॅड मात्र अशा एखाद्या कपाटातूनच मिळू शकेल.